चंद्रावर कामाला

हरिहर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. केसाएवढी चूक दिसली तरी अख्खा लॉट परत पाठवायचे. त्यांच्या स्वतःच्या तोंडून निघणारा माल मात्र कुणीच तपासत नव्हतं. मुलगी मृदुला काय करते, असं पिंपळे सौदागरच्या सोसायटीत कुणी विचारलं की ते ऐटीत सांगत, "प्लाझ्मात आहे." परिणामी डेंग्यूच्या दिवसांत लोक रक्तातला प्लाझ्मा मागायला तिच्या दारात उभे राहू लागले.

आता तिला डॉक्टरेट मिळाली होती आणि गणपतीत सोसायटी तिचा सत्कार करणार होती. मृदुलानं निक्षून सांगितलं, "बाबा, मी काय करते ते एकदा तरी लोकांना नीट सांगा. पुन्हा काही भलतंच ऐकलं तर मी तिथून उठून जाईन." ती बोलल्याप्रमाणे करणारी होती.

मग तिनं त्यांची शिकवणी घेतली. गुरू ग्रहाला आयो नावाचा एक चंद्र आहे. त्याच्यावर ज्वालामुखी धगधगत असतात. त्यांतून गंधकाचा वायू निघतो, वर त्याचे कण विजेनं भारले जातात, आणि त्याला म्हणायचं प्लाझ्मा. "गुरू स्वतःभोवती गरागरा फिरतो आणि त्या प्लाझ्मालाही बरोबर ओढत नेतो. आयो बिचारा आपल्या चालीनं चाललेला. म्हणून प्लाझ्मा गोल फिरून मागून येतो आणि आयोलाच धडकतो."

"म्हणजे ह्यानंच सोडायचं, आणि ह्यालाच मागून ठोकर?" हरिहरांना हे फार अन्यायाचं वाटलं. "मग तक्रार कुणाकडे करायची?"

"कुणाकडेच नाही. ती ठोकर कशी बसते, ते मी मोजते."

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी ज्योतीरामवर सराव केला. ज्योतीराम परभणीकडचा, प्लाझ्मा कटिंगच्या मशीनवर असायचा. त्याच्यापुढे 'प्लाझ्मा' म्हटलं तर तो मुलीला पत्रे कापायला बसवेल, म्हणून हरिहरांनी तो शब्द शिताफीनं गाळला. "माझी मुलगी आयो नावाच्या चंद्रावर काम करते."

ज्योतीरामचा घास हातातच राहिला. "चंद्रावर? परमनंट हाय का कंत्राटी, साहेब?"

मृदुलाची फेलोशिप ठरावीक मुदतीची होती, आणि हरिहर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "सध्या कंत्राटीच," ते म्हणाले, आणि भोंगा झाला म्हणून उठले.

घोळ झाला तो इथं. ते वाक्य ज्योतीरामबरोबर कंपनीच्या बसमध्ये बसलं, रहाटणीला उतरलं, भाजीच्या गाडीवर थांबलं आणि चांगलं बाळसं धरून सोसायटीच्या सेक्रेटरी शालनबाईंच्या कानी पोहोचलं.

सत्काराच्या संध्याकाळी शालनबाईंनी माइक घेतला. "आपली मृदुला चंद्रावर कामाला आहे. गणपतीसाठी खास रजा टाकून आली आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी विचारलं, "तिथं जेवणाचं कसं? डबा मिळतो का?" मृदुलानं बापाकडे एकदा पाहिलं, पर्स खांद्याला लावली आणि ती उठली.

हरिहरांनी धावत जाऊन शालनबाईंच्या हातातून माइक ओढला. घोकून ठेवलेलं सगळं ते साफ विसरले होते.

"ती चंद्रावर नसते," ते म्हणाले. "ती चंद्राचा अभ्यास करते. चाकण चौकात मागून टँकरनं ठोकलं तर निदान त्याचा नंबर तरी घेता येतो. आयोला तीही सोय नाही, कारण ठोकणारा माल त्याचाच असतो. परवा कॅन्टीनमध्ये मी एक वाक्य सोडलं. ते सगळ्या पट्ट्यात गोल फिरलं आणि आत्ता मागून येऊन मलाच धडकलं. त्या चंद्राचं रोज हेच होतं. तो धक्का कसा बसतो, हे माझी मुलगी मोजते. तिनं मला दहादा सांगितलं होतं, मला आज कळलं. मला तिचा फार अभिमान वाटतो."

मृदुला परत खाली बसली आणि तिनं पर्स मांडीवर घेतली. तिचे डोळे भरून आले होते.

शालनबाईंनी जरा विचार केला. "कळलं हो सगळं," त्या म्हणाल्या. "पण मग रजा कधीपर्यंत आहे?"

हरिहरांनी कपाळावर हात मारला. मृदुला बसल्या जागेवरून म्हणाली, "सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे, काकू. बाबा सोडायला येणार आहेत."