बक्षिसाचं पत्र आणि उलटा फर्मा

कपाटातलं तांबडं चामडं कुणीतरी कापलं होतं. चोरानं कापलं असतं तर गुंडाळीच उचलून नेली असती. इथे मात्र कोपऱ्यातून, पट्टी लावून, एका जिल्दीला पुरेल एवढाच तुकडा गेला होता. म्हणजे चोर घरचा होता आणि हाताने कसबी होता. दुकानात असे हात दोनच जणांचे. त्यातली एक ती स्वतः, आणि तिने काही कापलं नव्हतं.

राहिले सासरे.

तिच्या मनात पाल चुकचुकली. अकरा वर्षं त्या चामड्याला कुणी हात लावला नव्हता. मोठमोठी गिऱ्हाइकं मागून गेली, तरी सासऱ्यांनी "हे काही असल्या-तसल्या पुस्तकाला नाही" म्हणून परत कपाटात ठेवलं होतं. मग आता कुठलं एवढं थोर पुस्तक आलं, आणि ते तिच्यापासून लपवायचं कारण काय? आधी तिला नणंदेचा संशय आला. बाप गुपचूप लेकीचं काही काम करून देत असेल. तसा तिला संशय यायला फार लागत नसे. फुकट मिळालेलं कॅलेंडरसुद्धा ती भिंतीला लावण्याआधी उलटून बघायची, मागे काय विकायला ठेवलंय ते.

बाइंडिंगचं दुकान लहानसंच. पुढे टेबल, टेबलावर खळीचं भांडं आणि टोचे, कडेला दाबयंत्र, आणि राहिलेली सगळी जागा अडवून बसलेलं कटिंग मशीन. चारशे पानांची थप्पी एका दाबात कापून द्यायचं. "या दुकानात थोरलं हे, धाकटा मी," असं सासरे आल्यागेल्याला सांगत, आणि ते खरंच होतं. ते मशीन होतं म्हणून कॉलेजांची कामं येत होती. ते गेलं तर खळ ढवळत बसायचं, दुसरं काय. दुकान दोघांना पोसायचं, तिसऱ्याला नाही. म्हणून तिचा नवरा परगावी गोदामात नोकरीला होता, पंधरा दिवसांनी येऊन कपडे धुवायला टाकणारा.

चामड्यानंतर आणखी एक गोष्ट झाली. ती जेवून परत आली की कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे तोंड करून असायचा. सासरे एका बोटाने टाईप करायचे, टक, टक, टक, आणि तिची चप्पल उंबऱ्यावर वाजली की ते टकटकणं थांबायचं.

"काय लिहीत होतात, बाबा?"

"कुठे काय. पुठ्ठेवाल्याला जरा विचारत होतो."

पुठ्ठेवाला तर चार घरं पलीकडेच राहत होता. हाक मारली असती तर खिडकीतून डोकावला असता.

आणि शुक्रवारी वहीवाला आला. शाळेच्या वह्या करायचा, बाजाराच्या टोकाला त्याचा कारखाना. आला, रामराम केला, आणि खिशातून टेप काढून दुकानाचं दार मोजायला लागला.

"दार कशाला मोजताय, भाऊजी?"

"सहज हो, वहिनी."

"सहज माणूस चहा पितो. दार नाही मोजत."

वहीवाल्याने सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी छताकडे पाहिलं. दार मोजून झाल्यावर त्याने कटिंग मशीनची रुंदीही मोजली, तिच्याकडे पाठ करून.  पण पाणी कुठे मुरतंय ते आता जवळजवळ दिसायला लागलं होतं.

शनिवारी सासरे दाढी करायला गेले तेव्हा तिने दाबयंत्राचा फिरता दांडा सैल केला. कोऱ्या पुठ्ठ्यांच्या खाली, मधोमध, ती जिल्द होती. तांबडं चामडं, कोपरे इतके नेटके दुमडलेले की तिलाही क्षणभर राग विसरायला झालं. आत छापील प्रमाणपत्र होतं. सोनेरी वेलबुट्टी, गोल शिक्का, वर कुठल्यातरी आंतरराष्ट्रीय सोडतीचं नाव, आणि खाली एक आकडा. एकावर इतकी शून्यं होती की तिला बोट ठेवून मोजावी लागली. प्रमाणपत्रामागे ईमेलांचे छापलेले कागद.

'प्रिय विजेता' अशी पहिलीच ओळ. पुढे भाषा आपलीच, पण शब्द कुणीतरी चिमट्याने उचलून एकेक मांडल्यासारखे. आपला ईमेल पत्ता भाग्यशाली ठरला आहे. सुरक्षेसाठी ही बातमी कुटुंबातही कुणाला सांगू नये. नोंदणी शुल्क मिळाले, धन्यवाद. आता हस्तांतरण शुल्क शनिवार सायंकाळपर्यंत पाठवावे, अन्यथा रक्कम दुसऱ्या विजेत्यास दिली जाईल.

नोंदणी शुल्क मिळाले, ही ओळ तिने परत वाचली. 

"सापडलं का?" सासरे दारात उभे होते, गुळगुळीत गालांनी.

"बाबा, बसा आधी."

"बसतो. पण तू सुरू नको होऊस. म्हणूनच सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं की तू संशय घेणार."

"मग घेतलाच की. पहिलं शुल्क कुठून दिलंत?"

सासरे खळीच्या भांड्यात बघायला लागले. "वहीवाल्याने बयाणा दिला."

"कशाचा?"

उत्तराची गरज नव्हती, तरी त्यांनी मशीनच्या अंगावर हात ठेवला, घरातल्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "आज चारला येतोय न्यायला. बाकीचे रोख देईल. ते पाठवले की सोमवारी बक्षीस खात्यात. मग असली तीन मशीनं घेऊ."

"तिकीट काढलं होतंत?"

"तेच तुम्ही सगळे विचारणार, तिकीट काढलं नाही तर लागलं कसं." त्यांचा चेहरा उजळला; या प्रश्नाची तयारी होती. "कागदवाल्यांचं प्रदर्शन आठवतं? तिथे काचेच्या भांड्यात मी दुकानाचं कार्ड टाकलं होतं. त्यावर ईमेल होता. बोल आता."

 कार्ड खरंच टाकलं होतं. तीच शेजारी उभी होती.

"आणि शुल्क कशाला? एवढी शून्यं आहेत, त्यातनंच कापून घ्या म्हणावं."

"विचारलं मी. मी काय दुधखुळा आहे? नियमात बसत नाही म्हणाले."

"देणाऱ्याने घेणाऱ्याकडून आधी पैसे मागायचे, हे बसतं नियमात? आणि हा ईमेलचा पत्ता बघा, बाबा. एवढी मोठी कंपनी, आणि पत्ता आपल्यासारखाच फुकटातला, मागे पाच आकडे लावलेला. तुमचं नाव तरी लिहिलंय का कुठे? प्रिय विजेता. हे गावभर कुणालाही चालतं."

"गुप्तता असते."

"घरच्यांपासून?"

सासरे उठले, परत बसले. मग खाली बघून म्हणाले, "तो तिकडे पोती उचलतो, तू इथे खळीत हात घालून बसतेस. म्हटलं, तो घरी येईल. एकदा तरी माझ्याकडून काही होईल."

 दुसऱ्यांवर संशय घेणं सोपं. हे ऐकल्यावर तिला नणंदेची आठवण येऊन उगाच शरमल्यासारखं झालं. पण घड्याळात बारा वाजून गेले होते, आणि या माणसाला नुसतं नको म्हणून चालणार नव्हतं. चाळीस वर्षांत ज्याने कुणाचं ऐकून एक टाकासुद्धा उसवला नाही, तो सुनेचं ऐकून बक्षीस सोडणार?

"बाबा, मी पहिल्या दिवशी कामाला बसले तेव्हा तुम्ही काय केलं होतंत?"

"काय केलं होतं?"

"थप्पी दिली होतीत, घडी घातलेल्या छापील पानांचे फर्मे तपास म्हणालात. त्यात एक मुद्दाम उलटा घातला होता."

"सगळ्यांनाच देतो. जो सगळं बरोबर आहे म्हणतो, त्याने बघितलेलं नसतं." हे बोलताना त्यांचा आवाज उस्तादाचा झाला होता.

"मग यांना एक उलटा फर्मा देऊ. तुम्ही सांगा, मी टाईप करते."

ते खुर्ची सरकवून उठले. मग स्वतःच पडदा भिंतीकडून वळवून तिच्यासमोर केला.

पत्र तिने लिहिलं, पण चुका त्यांनी सुचवल्या, आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना त्यात रस यायला लागला. सोडतीचा क्रमांक उलटा घातला. रक्कम सोडून, 'आपण मला निळ्या रंगाची मोटार जाहीर केलीत' असं लिहिलं.

"मोटार कुठे आहे त्यात?" ती म्हणाली.

"नाही ना. खरा कारकून असेल तर लगेच कळवेल की अहो, मोटार नाही, चुकलात. आणि खाली लिही, हे बक्षीस माझ्या थोरल्या भावाच्या नावावर होतं ते बरोबर ना."

"तुम्हाला कुठे थोरला भाऊ आहे?"

"त्यांना काय माहीत," म्हणाले, आणि आपणच काय बोललो ते ऐकून थबकले.

पत्र गेलं. तिने डबा उघडला, कुणी जेवलं नाही. वीस मिनिटांत उत्तर आलं. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं:

'प्रिय विजेता, आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. आपली निळी मोटार तयार आहे. क्रमांक तपासला, योग्य आहे. आपल्या थोरल्या बंधूंचे अभिनंदन. मोटारीच्या वाहतुकीचे शुल्क वेगळे पाठवावे. आजच.'

सासऱ्यांनी पडदा आणखी जवळ ओढला.

"रकमेबरोबर मोटारही असेल," सासरे हळू आवाजात म्हणाले.  त्यांनी परत एकदा वाचलं, या वेळी मनातल्या मनात, थोरल्या बंधूंपर्यंत आले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "न बघता सही करणारा आहे हा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून वाईट शिवी तिने कधी ऐकली नव्हती.

तिने आधी बँकेला फोन लावला. पलीकडच्या बाईने खातं, तारीख, रक्कम लिहून घेतली. परत मिळेल असं सांगता येत नाही म्हणाली, पण पोलिसांकडे तक्रार आजच द्या, आणि त्या ईमेलवाल्यांना आता उत्तरच पाठवू नका, एकही. ईमेल पुसू नका, पुरावा लागतो. तिने सगळे कागद परत त्या तांबड्या जिल्दीतच घातले. दुसरं काही हाताशी नव्हतं.

"ऐक," सासरे म्हणाले. "वहीवाल्याला काय सांगायचं? बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बाइंडिंगवाले मास्तर फसले म्हणून चहाच्या टपरीवर..."

"मी फसले म्हणून सांगू?"

त्यांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत.

चारला वहीवाला आला, बरोबर हातगाडी आणि दोन माणसं. दोर काढून दाराशी ठेवला. तिने पदर खोचला आणि तोंड उघडलं, "भाऊजी, माझ्या हातून जरा..."

"नाही," सासरे मधेच म्हणाले. "तिच्या हातून नाही, माझ्या. मशीन देत नाही मी. तुझा बयाणा मी घालवला. ईमेलवर लॉटरीचं पत्र आलं, मला खरं वाटलं, पाठवून दिले. तुझ्या वह्यांचं कटिंग करून फेडीन, पै अन् पै."

वहीवाला त्यांच्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समजूतदारपणा पसरला.

"कळलं, मास्तर," तो म्हणाला. "मोठे आहात तुम्ही."

"काय कळलं?"

"सुनेला पाठीशी घालताय. तुम्ही आणि फसणार? माझ्या दोनशे वह्यांत एक पान तिरकं होतं ते लांबून सांगणारा माणूस."

"अरे, मीच फसलो. हे बघ, जिल्दसुद्धा बांधली मी त्याला."

"असू दे, असू दे. कटिंगचं जमवू आपण, सहा महिने." वहीवाल्याने दोर परत गाडीत टाकला, आणि तिच्याजवळ येऊन आवाज उतरवला, आजारी माणसाशी बोलावं तसा. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण एक लक्षात ठेवा, असली पत्रं आली ना, की घरात मोठ्यांना विचारायचं. फुकट कोण देतं? आधी पैसे मागितले की समजायचं. जरा संशय घ्यायला शिका."

"शिकते, भाऊजी," ती म्हणाली.

"अरे, तिला काय सांगतोस," सासरे मागून कळवळून म्हणाले.

"बाबा, राहू दे," ती म्हणाली, आणि जिल्द काखेत घेऊन पोलीस ठाण्याला निघण्याआधी त्यांच्यासमोर वहीवाल्याची आधीच कटिंगला आलेली थप्पी, फेडीतली पहिली, ठेवली.