दाजींच्या माथी मारलेली ओल

पटाशी खांबात मुठीपर्यंत घुसली, तरी सुतार जागचा उठला नाही. लाकूड कसलं, भिजलेला पावच तो.

"किती गेलाय रे?" पडवीच्या पायरीवरून त्याच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं विचारलं.

"वीतभर."

"म्हणजे हातभर. तुझी वीत मला ठाऊक आहे."

ही लाकडी पडवी त्यानंच बांधलेली, बत्तीस वर्षांपूर्वी. हत्ती टेकला तरी हलणार नाही, असं तेव्हा तो गावभर सांगत फिरला होता. पुढे त्या गोष्टीत दोन हत्ती झाले, आणि त्यातला एक पडवीत बसून चहाही पिऊन गेला. मग एक खांब बुडाशी काळा पडला. आता आपण उभा केलेला खांब कुजेलच कसा? दोष दाजींचा. आक्काचे यजमान बागेतून आले की पडवीतच चिखलाचे पाय धुवायचे. "रोज बादल्या ओतता, खांबांना पोहायला शिकवताय का?" असं सुतारानं त्यांना चारचौघांत सुनावलं. दाजी हसले. पण त्या दिवसापासून घराला वळसा घालून मागच्या नळावर जायला लागले. हातात काठी आली तरी.

गेल्या वर्षी दाजी गेले. पडवी कोरडीठाक पडली, आणि ओल मात्र घोट्यावरून गुडघ्यापर्यंत चढली.

सुतारानं जॅक लावून छपराचा भार उचलला, कुजका भाग कापला आणि सिमेंटमधला खुंट उपसून काढला. खाली दगड नव्हता, ओल अडवणारा डांबरी कागदही नव्हता. मजबुतीच्या हौसेपायी त्यानं लाकूड थेट मातीपर्यंत गाडलं होतं. बत्तीस वर्षं जमीन खालून पाणी पाजत होती आणि खांब वातीसारखा ते ओढत होता. वरून दरवर्षी तेलरंग चोपडून त्यानंच ओलीची बाहेर पडायची वाट बुजवली होती.

"वाळवी का?" आक्कानं विचारलं.

थापा मारण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही तर आयती हातात आलेली. पण आज तेवढंही त्राण राहिलं नव्हतं.

"नाही." त्यानं पटाशी पुसली. पुन्हा पुसली. "दाजींच्या पाण्याचा काही संबंध नव्हता, आक्का. मीच चुकीचा पुरला."



"पावसातसुद्धा मागे जायचे," आक्का म्हणाली. "मी म्हणायची, धुवा की इथंच, तो काय बघायला येतोय? तर म्हणायचे, असू दे, त्याच्या हातचं काम आहे."

सुतारानं खड्ड्यात दगड बसवला. त्यावर डांबरी कागद अंथरला. खांबाला खालून नवा तुकडा जोडला. मान वर केली नाही.

"धरायला माणूस लागेल. शेजारच्यांना हाक मारतो."

आक्का उठली. चष्मा काढून पायरीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी खांब कवटाळून उभी राहिली.

"सरळ आहे का बघ."

त्यानं ओळंबा सोडला. दोरा हलत होता. तो थांबायची वाट बघत सुतार तसाच उकिडवा बसून राहिला.