डिक्कीतलं बियाणं

उंदराला अक्कल असते की नाही ते मला माहीत नाही. पण टोकावड्याच्या आमच्या गोठ्यातल्या उंदरांना मोटारीचं काम येतं, हे मी शपथेवर सांगेन. फियाटमध्ये एवढ्या वायरी आहेत, त्यातल्या निम्म्या तर आता कशाच्याच कामाच्या नाहीत. एक वायर डाव्या बाजूच्या बंद पडलेल्या दिव्याची आहे. खा ना ती! नाही. खायची ती स्टार्टरचीच.

ही फियाट आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची. आप्पांनी मुंबईत एका साहेबाची गाडी सव्वीस वर्षं चालवली, आणि साहेबानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आप्पांच्या हवाली केली. ते ती घेऊन थेट गावी आले. तोवर आमचे बैल गेले होते, गोठा रिकामाच होता. गव्हाणीसमोर पांढरी फियाट उभी राहिली ती राहिलीच. लग्नकार्य, बाळंतपण, मुरबाडचा दवाखाना, वस्तीत कुणाची काहीही नड असली की आप्पा गाडी काढत. आणि दर वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीत, टपावरच्या कॅरियरवर बाबासाहेबांची तसबीर बांधून पुढे आमचीच गाडी. आप्पा माणसाच्या चालीनं गाडी चालवत. रस्ता खड्ड्यांचा, पण तसबिरीवरचा हार हलायचा नाही. वस्तीतली माणसं हे अजून सांगतात.

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. दिवाळीला आयेनं मला न विचारता सगळ्या वस्तीला सांगून टाकलं, "औंदा जयंतीला गाडी आमचा कमळाकर चालवंल."

म्हणून मी गोठ्यात जाऊन बॉनेट उघडलं. आत एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घर होतं. काथ्या, कापूस, आणि माझ्या दहावीच्या गाईडची पानं. सहा पिल्लं होती. मी बॉनेट बंद केलं आणि मोठ्यानं शिवी दिली. आये आतून म्हणाली, "सणाचं तोंड आवर रे."

मी राहायला आसनगावला, नोकरी कल्याणला. रविवार एकच मिळतो. त्या दिवाळीपासून माझा प्रत्येक रविवार त्या उंदरांना वाहिलेला आहे. सकाळी मोटारसायकलवर शहापूर, मुरबाड करत टोकावड्याला यायचं आणि संध्याकाळी हात काळे करून परत जायचं. माझी बायको संध्या म्हणाली, "तिकडे दुसरं घर केलंय असा संशय घ्यावा, तर अंगाला वास ऑइलचा." मी हसलो नाही. मला हसूच येत नव्हतं.

उपाय काय कमी केले? पहिल्यांदा डांबराच्या गोळ्या ठेवल्या, दोन पाकिटं. पुढच्या रविवारी एकही गोळी जागेवर नाही. मला वाटलं, उंदीर आता डांबरही पचवायला लागले. गोळ्या आयेच्या लुगड्यांच्या ट्रंकेत सापडल्या.

"गाडीत फुकट चालल्या होत्या," आये म्हणाली. "माज्या लुगड्यांना कसर लागलीय ती कुणी बघायची?"

मग तंबाखूची पानं आणली. कुणीतरी सांगितलं होतं की त्या वासानं उंदीर पळतो. उंदीर पळाला की नाही ते कळायच्या आत तंबाखूच पळाली. ती नामानं नेली. नामा म्हणजे डोंगराकडच्या वाडीतला ठाकर, आप्पांचा जुना सोबती. मी जाब विचारला तर म्हणाला, "भाऊ, उंदराला तंबाखूची सवय लावू नका. वाईट असते." वर त्यानं मला निरगुडीचा पाला आणून दिला. कणगीत घालतात तोच. आठ दिवसांनी बघतो तर पाला मऊ करून त्याचं अंथरूण केलेलं.

पिंजरा लावला, त्यात घूस सापडली, ती पिंजऱ्यासकट गेली. चिकट कागद लावला, त्यावर आमचीच कोंबडी चिकटली. बाजारातून ते विजेवर कुईकुई वाजणारं यंत्र आणलं. त्याचा आवाज माणसाला ऐकू येत नाही म्हणे. आयेला आला. तिनं ते बंद केलं आणि त्या प्लगला मोबाइल लावला.

शेवटी फेब्रुवारीत मी रजा टाकली. चार दिवस गाडीखाली आडवा पडून एकेक भोक बुजवलं. जिथं बोट जाईल तिथं बारीक जाळी, जिथं बोट जाणार नाही तिथं तारेची घासणी कोंबली. सायलेन्सरच्या तोंडात घासणी. चारही चाकं पत्र्याच्या परातीत, परातीत जळकं ऑइल. मुरबाडहून धनेश वायरमनला आणून सगळी वायरिंग नवी करून घेतली. गाडी चालू झाली. आये दारात उभी राहून ऐकत होती. मी काचा चढवल्या, दारं लावली, डिक्की लावली, आणि दुसरी चावी तिच्या हातात देऊन बजावलं.

"ही फक्त आग लागली तरच वापरायची. आणि ऐक, आता जर एक उंदीर आत दिसला ना, तर मी गाडी सरळ आसनगावला नेऊन ठेवीन. तिकडे बिल्डिंगखाली फरशी आहे."

 आयेनं चावी कनवटीला लावली.

मार्चभर मी गेलो की बाहेरूनच बघायचो; धुळीनं भरलेल्या काचांतून आतलं काही दिसायचं नाही. जाळ्या शाबूत, परातीत ऑइल, कुठं लेंडी नाही. मी इतका खूश होतो की ऑफिसात दोघांना सल्लेही दिले. फक्त एकदा आये भांडी घासत होती, तेव्हा तिच्या हातातली घासणी ओळखीची वाटली.

"सायलेन्सरची?"

"धुऊन घेतलीय. चांगली हाय रे, बाजारात अशी नाय मिळत."

मी निमूटपणे नवी घासणी कोंबली. एका घासणीवरून आईशी किती भांडणार?

बारा एप्रिलला गाडी धुवायला म्हणून आलो. डिक्की उघडली आणि सुकटीचा वास अंगावर आला.

डिक्कीत चार पोती होती. एकात आमचं कोलमचं बियाणं. दुसऱ्यात नामाचं नाचणीचं. तिसऱ्यात शेजारच्या बाईजामावशीचं भाताचं बियाणं, वर तिच्या पापडांचा डबा. चौथ्यात सुकट आणि बोंबील, म्हणजे वस्तीचं पावसाळ्याचं कालवण. बाईजामावशीच्या पोत्याला खालून भोक होतं. त्या भोकातून दाण्यांची रांग मागच्या सीटच्या पुठ्ठ्यापर्यंत गेली होती, आणि पुठ्ठ्यालाही भोक होतं.

"आये!"

आये आली. नामाही आला, तो ओटीवरच बसला होता. बाईजामावशी कुंपणापलीकडून डोकावली.

"हे काय आहे?"

"बियाणं," आये म्हणाली.

"ते दिसतंय! गाडीत का आहे?"

"मग कुठं ठेवणार? तूच तर म्हणालास, आता या गाडीत मुंगी नाय शिरायची. घरात उंदीर, कणगीत उंदीर. गावात एकच जागा उंदरावाचून, ती ही. मी बाईजाला सांगितलं, तिनं नामाला सांगितलं."

"भाऊ, जाळी लय भारी लावलीय तुमी," नामा मनापासून म्हणाला.

मला रडावं का डोकं आपटावं कळेना. बाईजामावशीच्या पोत्यातून ह्यांनी उंदीर आयताच आत नेऊन ठेवला होता. बाहेरचा आत येऊ नये म्हणून मी जे जे केलं, त्यानं आतल्याची बाहेर जायची वाट बंद झाली. आत खायला बियाणं, तोंडी लावायला सुकट, कंटाळा आला तर नवी वायरिंग. असं माहेरपण तर माझ्या बहिणीलाही मिळालं नव्हतं. मी खूप बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. बाईजामावशी कुंपणावरून नाहीशी झाली आणि नामा पायांकडे बघत राहिला.

मग मी पुढचं दार उघडलं.

ड्रायव्हरची सीट उरलीच नव्हती. रेक्झिन फाडून काथ्या सगळा उपसलेला, नुसत्या स्प्रिंगा वर आलेल्या. मागच्या सीटचीही तीच गत. टपाचं कापड लोंबत होतं. पण ड्रायव्हरच्या शेजारची, डावीकडची सीट जशीच्या तशी होती. तिच्यावर एक चौघडी घडी घालून ठेवली होती. एक ओरखडा नाही की एक लेंडी नाही.

"ही कशी सोडली?" मी विचारलं.

 नामानं आयेकडे बघितलं आणि पोतं उचलायचं निमित्त करून मागे गेला.

"तिथं मी बसते," आये म्हणाली.

"कधी?"

"दुपारची. जेवण झालं की. घरात जीव रमत नाय रे. त्यांच्यासंगं कुठं जायचं म्हटलं की ती माजी जागा. मुरबाडला, बाजाराला, तुज्याकडं. म्हणून बसते जरा. माणूस बसतं तिथं उंदीर नाय येत."

"म्हणजे तुला उंदीर दिसले होते?"

"दोनतीन होते. मी बसले की गप ऱ्हायचे."

"आणि मला सांगितलं नाहीस? महिनाभर?"

"सांगितलं असतं तर तू गाडी आसनगावला नेली असतीस," ती म्हणाली. "तिकडं फरशीवर मी कशी यायची रोज?"

माझा राग गेला नाही. खोटं कशाला सांगू, उलट वाढला. पण तो आता उंदरांवर नव्हता, आयेवरही नव्हता. चार दिवस गाडीखाली पडून मी इतकी भोकं बुजवली. आपली आई दुपारभर एकटी काय करते, हे मात्र एकदाही विचारलं नाही. मला माझीच लाज वाटली.

"आणि ही सीट?" मी ड्रायव्हरच्या जागेकडे बोट केलं. "ही कुरतडताना दिसली नाही तुला? हाकलायचंस तरी."

"त्या बाजूला मी बघतच नाय," आये म्हणाली आणि घरात गेली.

धनेश वायरमन दुसऱ्या दिवशी आला, माझ्याकडे बघून हसला, आणि मी त्याला हसू दिलं. वायरी जोडून झाल्या. पण सीट? मुरबाडच्या सीटवाल्याकडे जयंतीच्या सजावटीची गर्दी, तो म्हणाला सतरा तारखेनंतर. चौदाला दुपारी तीन वाजता गाडी पोरांनी ढकलत आणून विहारासमोर उभी केलेली, टपावर तसबीर बांधलेली, निळे झेंडे लागलेले, बेंजोवाले सूर लावतायत, आणि मी दार उघडून स्प्रिंगांकडे बघतोय. खुर्ची बसेना, पाट हलत होता, उशी खाली गेली. बाईजामावशी म्हणाली, ट्रॅक्टर बोलवा. दोघातिघांनी मान हलवली.

आये घरात गेली आणि नामाच्या मदतीनं आमच्या बियाण्याचं पोतं घेऊन आली. दोघांनी ते स्प्रिंगांवर आडवं टाकलं. आयेनं हातानं दाणे सारखे केले, अंथरूण करावं तसं.

"बस," ती म्हणाली.

"बियाण्यावर? आये, पेरायचं आहे ते."

"पेरणीला अजून दोन महिने हायेत. घरात ठेवून उंदीरच खाणार. तू राख तवर."

मी बसलो. पोतं माझ्याखाली सरकून सरकून बरोबर बसलं. पाय क्लचला पुरला. चावी फिरवली आणि गाडी चालू झाली, सायलेन्सरमधली घासणी सुटून बेंजोवाल्याच्या पायाशी जाऊन पडली. आयेनं ती उचलायला सांगितली. मग ती पलीकडून फिरून आली आणि आपल्या जागेवर बसली. आजवर मिरवणुकीत ती कधी गाडीत बसली नव्हती, बायकांच्या रांगेत चालायची. आज कुणी काही म्हणालं नाही.

आम्ही निघालो. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं. कपाळावर घाम, हात स्टेअरिंगवर आवळलेले. समोर पोरीबाळी नाचत होत्या, एकेक खड्डा मी चाटून काढल्यासारखा पार करत होतो. आये समोर बघत होती. आणि फाट्याच्या चढावर, बरोब्बर चढावर, माझ्या उजव्या मांडीखाली पोत्यात काहीतरी हललं.

"आये," मी ओठ न हलवता म्हणालो. "पोत्यात आहे."

"असू दे."

"वर येतोय."

"हलू नको. त्यांच्या तर लेंग्यात शिरला होता एकदा, इथंच, चढावर." तिनं पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे, माझ्या जागेकडे बघितलं. "खाली उतरल्यावर बोंबलले. तवर गाडी हलू दिली नाय त्यांनी."

पोत्यातून तो माझ्या मांडीवर आला, गुडघ्यापर्यंत गेला, आणि तिथं थांबून मिश्या हलवत माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं. शिव्या सगळ्या ओठापर्यंत आल्या होत्या. पाय क्लचवर तसाच धरला, अर्धा दाबलेला, आणि चढ पार केला.

बाहेर नामा गाडीसोबत चालत होता. खिडकीत वाकून तो म्हणाला, "भाऊ, हार नाय हलला."