एक इंचाची लादी

ओतीलिया फालेइरोने आपल्या प्रयोगशाळेच्या दारावर स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: 'एकक नसलेला आकडा आत आणू नये.' पोर्तुगालमधल्या बुचाच्या त्या कारखान्यात सगळे या पाटीला टरकून असत. भट्टीवरचा एखादा बापडा नुसतंच "चाळीस" म्हणत आत आला, की ही चष्म्यावरून बघायची. "चाळीस काय? अंडी?" एकोणीस वर्षं तिने माणसांना असं धाकात ठेवलं. लोकांना शहाणपण शिकवणाऱ्याची जेव्हा फजिती होते, तेव्हा ती साधीसुधी होत नाही.

नोव्हेंबरात अमेरिकेहून पत्र आलं. व्हरमाँटच्या कुणा हॅडलीबाईंनी थंडी अडवायला नव्या घराच्या भिंतींना यांच्या लाद्या लावल्या होत्या. तुमच्या माहितीपत्रकातला आकडा बघून एक इंचाची लादी पुरेल असं ठरवलं. आता मुलं घरात कोट घालून जेवतात. माल खराब तर नाही ना?

बुचाच्या झाडाची साल भरडायची, वाफेवर भाजायची, की ती आपल्याच चिकाने घट्ट बसते आणि काळी लादी तयार होते. सगळी करामत भाजणीची. साहजिकच इंजिनियरसाहेबांनी खापर फोडलं ते भट्टीवरच्या बेल्मीरो मेस्त्रींच्या माथी. तीस वर्षं भट्टी सांभाळलेल्या माणसाला त्यांनी अंगणात सालीचे ढीग रचायला पाठवलं.

ओतीलियाने त्याच घाण्यातला राखून ठेवलेला तुकडा यंत्रात घातला. उष्णता किती झिरपते त्याचा आकडा, जितका लहान तितका बरा, आला ०.०४०, वॉट-मीटरच्या हिशेबात. सोन्यासारखी लादी. मग तिने स्वतःच तयार केलेलं माहितीपत्रक काढलं आणि त्यातला गुणाकार पुन्हा करून पाहिला.

अमेरिकेत लादीचा हिशेब एक इंच जाडीवर होतो. त्यासाठी आपल्या आकड्याला ६.९३ने गुणायचं असतं. तिने गुणलं होतं ०.५७८ने, जो एक फूट जाडीचा हिशेब झाला. ०.२७७ लिहायचं तिथे ०.०२३ लिहिलं, आणि एकक मात्र इंचाचंच. कागदावर लादी बारा पटींनी सरस ठरली. वाचणाऱ्यानेही तिकडे डोकं गहाण ठेवलं होतं, हे खरं. पण त्याने हिचं पाप थोडंच फिटत होतं?

तिने कागद खणात टाकला. उद्या सांगू म्हणाली. उद्याचा परवा झाला. दारावरची ती पाटी आणि आपण, हे एकाच कारखान्यात कसे राहणार, एवढाच विचार तिच्या डोक्यात. मेस्त्रींचा नव्हता. याची लाज तिला पुढे सगळ्यात जास्त वाटली.

चौथ्या दिवशी मेस्त्रीच दारात उभे. टोपी हातात.

"बाई, एक काम होतं. त्या अमेरिकेतल्या बाईंना माझं पत्र लिहाल? साहेबांचं फ्रेंच फर्डं, पण इंग्रजीच्या नावाने आवळ्याएवढं पूज्य."

"कसलं पत्र?"

"माफीचं. हात चुकला माझा. कुठे चुकला तेच कळत नाही बघा. वास बरोबर होता, रंग बरोबर होता. पण तुमचा कागद एक सांगतो आणि त्यांची भिंत दुसरंच. कागद कसा खोटा असेल?"

पोर्तुगालच्या या आलेंतेजू भागात साल काढली की खोडावर त्या वर्षाचा आकडा रंगवतात, आणि पुढची नऊ वर्षं त्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही, साल कितीही भरलेली दिसो. आकड्यावर विश्वास ठेवतच बेल्मीरो म्हातारे झाले होते. त्यांना स्वतःच्या नाकाचा संशय आला, तिच्या आकड्याचा नाही.

ओतीलियाने तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच: "सांगा, लिहून घेते."

आणि लिहिलंही झकास! व्याकरणाची एक चूक नाही. दुसऱ्या दिवशी ते टपालात पडलं.

जानेवारीत उत्तर आलं. दुपारी खाणावळीत मेस्त्रींनी लसणीच्या सारात भिजवलेला पाव बाजूला सारला. "वाचा बाई, सगळ्यांना ऐकू दे."

तिने वाचलं. हॅडलीबाई लिहीत होत्या, की मेस्त्री, मनाला लावून घेऊ नका. माझ्या नवऱ्याची बेकरी आहे, त्याचाही पाव कधीमधी कच्चा राहतो. आम्ही आणखी तीन थर चढवतोय. तुम्ही कबूल केलंत, यातच सगळं आलं.

"वा मेस्त्री, अमेरिकेत नाव काढलंत!" कुणीतरी ओरडलं.

"कच्च्या भाजणीचं नाव!" दुसऱ्याने पुस्ती जोडली. सगळे हसले. मेस्त्रीही हसले आणि बाहीने डोळे पुसू लागले.

"भाजणी कच्ची नव्हती," ओतीलिया म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. इंच, फूट, खणातला कागद. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटत होतं.

मेस्त्रींनी गुणाकाराचं काही विचारलं नाही. "कधी कळलं तुम्हाला?"

"त्यांचं पहिलं पत्र आलं, त्याच दिवशी."

"म्हणजे मी तुमच्याकडे आलो, त्याच्या आधी."

"हो."

"उद्यापासून भट्टीवर या, मेस्त्री," साहेब पलीकडच्या टेबलावरून घाईघाईने म्हणाले. मेस्त्रींनी तिकडे पाहिलंही नाही.

"लिहा," ते तिला म्हणाले. "आत्ता. इथंच."

तिने लिहिलं आणि एकेक वाक्य आपल्या भाषेत वाचून दाखवलं. लादी उत्तम होती. आकडा माझा चुकला. मला ठाऊक असूनही मी मेस्त्रींना माफी मागू दिली, याची मला लाज वाटते.

मेस्त्रींनी कागद स्वतःकडे ओढला. न कळणाऱ्या त्या ओळींवरून बोट फिरवलं.

"असंच लिहिलंय ना, बाई?"

एकोणीस वर्षांत त्यांनी तिला असं कधी विचारलं नव्हतं.

"असंच लिहिलंय," ती म्हणाली. मेस्त्रींनी मान हलवली, पण कागद हातातच ठेवला आणि इंग्रजी येणारं दुसरं कुणी आहे का म्हणून खाणावळीभर नजर फिरवत राहिले.