जवसाच्या पिशवीवरचा संशय

मित्रांनो, मी बैलाच्या कातड्याची एक जुनी पिशवी आहे. पेन्सिल्व्हेनियात ओढ्याकाठी जमिनीला भोके पाडून तेल काढण्याचे वेड नुकते लागले होते, तेव्हाची माझी गोष्ट.

लेम्युएल हार्कर त्या पहिल्या वेड्यांपैकी एक. छिन्नी टांगलेला लवचिक दांडा पायांनी दाबून दाबून त्याने वर्षभर खडक फोडला. लोकांनी इतकी टवाळी केली, की तो कायमचा संशयी झाला. अखेर तेल लागले. वरच्या थरांतले पाणी त्यात उतरू नये म्हणून त्याची बायको टॅबिथा हिने मला शिवले, माझ्यात कोरडे जवस भरले आणि तेल वर आणणाऱ्या नळीभोवती बांधून मला भोकात सोडले. पाण्याने जवस फुगले आणि मी भोक गच्च बुजवले. पुढे मी कित्येक महिने अंधारात पाणी अडवून धरले. कौतुक मात्र पंपाचे होई! मला वाईट वाटे, खोटे कशाला बोलू?

एके दिवशी पंपातून पाणी आले. वरचे बोलणे मला नळीतून ऐकू येई.

"पिशवी फाटली तुझी," शेजारच्या तेलविहिरीचा मालक क्रल म्हणाला. "बायकांची शिवण, दुसरं काय! उपसून काढ."

तो फारच घाई करत होता. मला तेव्हाच शंका आली.

"आधी याची विहीर बघून ये," टॅबिथा म्हणाली. "यानं पिशवीसकट नळी उपसली असेल, तर वरचं पाणी याच्याच भोकातून तेलात उतरून आपल्याकडं येतंय."

"स्वतःची चूक शेजाऱ्यावर ढकलतेस?" लेम्युएल म्हणाला.

"लेम, पिशवी काढलीस तर वरचं सगळं पाणी खाली जाईल. ऐक माझं!"

त्याने ऐकले नाही. नळी ओढताच माझ्या तोंडाची दोरी तुटली, जवस सांडले आणि अडवलेले पाणी धबाधबा तेलात गेले.

मी वर आल्यावर त्याने माझी शिवण चाचपली. एकही टाका उसवला नव्हता. तो क्रलकडे धावला. क्रलची नळी गवतात पडली होती. मोडीत विकायला त्याने ती आधीच उपसली होती.

संध्याकाळपर्यंत ओढ्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींतूनही तेलाऐवजी पाणी येऊ लागले. त्यांचे मालक दारात येऊन ओरडू लागले.

"तुझी पिशवी फाटकी होती ना, हार्कर?"

लेम्युएलने टॅबिथाकडे पाहिले. हो म्हणणे सोपे होते.

"पिशवी धड होती," तो म्हणाला. "मीच उपसली."

टॅबिथाने ऐकले, पण ती त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली नाही.

मित्रांनो, संशय मलाही येतो. पण तुमच्या नजरेआड जे तुमच्यासाठी झटत असते, त्याच्यावर तो सर्वांत शेवटी घ्या.