ठिपकीचे पाणी

मित्रांनो, मी एक जुने मातीचे पाण्याचे भांडे आहे. शर्यतीच्या कबुतरांच्या ढाबळीत माझे सारे आयुष्य गेले. भांडे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर माठ आला असेल, पण मी तसे नाही. माझे दोन भाग आहेत. खाली उथळ थाळी आणि तिच्यावर बसणारा घुमट. घुमट उलटा धरून पाण्याने भरायचा, त्यावर थाळी झाकायची आणि दोन्ही मिळून झटकन पालथे करायचे. घुमटाच्या कडेला खाली एक लहान भोक आहे. त्यातून थाळीत पाणी येते आणि भोक बुडाले की थांबते, कारण आत शिरायला हवेला वाट उरत नाही. कबुतर प्यायले, पाणी खाली गेले, भोक जरासे उघडे पडले की हवेचा एक बुडबुडा माझ्या पोटात चढतो, ‘बुडूक’ असा आवाज होतो आणि तेवढेच पाणी पुन्हा थाळीत उतरते. ना नळ, ना चावी. माझ्याच पोटात घडत असूनही मला याचे नवल वाटते.

कुंभाराने मला चाकावर घडवले, सावलीत सुकवले आणि भट्टीत घातले. आत मी लालबुंद झाले, मग हळूहळू निवले. त्या निवण्यात माझ्या अंगात एक गोष्ट कायमची येऊन बसली. ती मला फार उशिरा कळली. तिच्याबद्दल पुढे सांगेन.

मला विकत घेतले ते एका शिंप्याने. सगळे त्याला मास्तर म्हणत. खाली त्याचे दुकान, वर घर आणि गच्चीवर ढाबळ. ढाबळीत फळ्यांचे खण होते, चुन्याने रंगवलेल्या भिंती होत्या, आणि धान्याचा, पिसांचा कोरडा उबदार वास होता. मास्तर वर आला की त्याच्या बाहीला दोऱ्याचा एखादा तुकडा चिकटलेला असायचा आणि गळ्यात टेप लोंबत असायची. ती टेप पाहून त्याची थोरली बहीण, अक्का, जिन्यातून ओरडायची, “खाली गिऱ्हाईक खोळंबलंय आणि तू काय वर कबुतरांची मापं घेतोयस?”

“पंखाचं माप घेतोय अक्का. झडलेल्या पिसाजागी नवं किती वाढलं ते बघतोय.”

“बघ, बघ. आणि कुणाची बाही आखूड झाली तर सांग, पीस लावून देऊ.”

बोलायची अशी, पण सकाळी लसणीची पाकळी ठेचून माझ्या पाण्यात टाकायची ती अक्काच. शर्यतीहून दमून आलेल्या पक्ष्यांसाठी पाण्यात मध कालवायची तीही तीच. शिंपल्यांचा चुरा आणि कोळशाची पूड ती वेगळ्या वाटीत ठेवायची. मास्तर आठवड्यातून एकदा पाण्यात थोडे फळांचे व्हिनेगर टाकायचा. पाणी किंचित आंबट झाले की पोटातल्या वाईट जंतूंना ते मानवत नाही, असे त्याला जुन्या कबुतरवाल्यांनी सांगितले होते. रोज मला काथ्याने घासून, उन्हात वाळवून मगच ताजे पाणी भरले जाई. माती पाणी शोषते, तिच्या छिद्रांत घाण दडून राहू शकते, म्हणून मास्तर माझ्या बाबतीत फार काटेकोर होता.

आता तुम्हाला एक गंमत सांगते. चिमणी पाणी पिताना पाहा. ती चोचीत थेंब घेते आणि मान वर करते, मग तो घशात उतरतो. कोंबडीचेही तेच. कबुतर मात्र चोच पाण्यात बुडवते आणि मान वर न करता, तुम्ही नळीने सरबत ओढता तसे, एका दमात पाणी ओढून घेते. ही ओढ मला जाणवते. प्रत्येकाची ओढ वेगळी असते. कोण तहानलेले आहे, कोण नुसते तोंड ओले करते आहे, कोणाला बरे नाही, हे मला चोच बुडताच कळते. पण सांगणार कसे? मला तोंड आहे, तेही पाण्यापुरतेच.

सगळ्यांत जोरकस ओढ ठिपकीची. राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेली ही मादी माझ्या शेजारच्याच खणात अंड्यातून बाहेर आली. कबुतराच्या पिल्लाला पहिले काही दिवस धान्य पचत नाही. आई आणि बाप दोघेही गळ्याखालच्या अन्नपिशवीत पांढरट, दुधासारखा लगदा तयार करतात आणि तो पिल्लाला भरवतात. बापाने दूध पाजायचे! अक्काने हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती मास्तरकडे बघून म्हणाली, “बघ, शीक काहीतरी.”

वाढत्या वयात ठिपकी पुलापलीकडच्या खाणीपासून घरी उडत यायला शिकली. मग पुढच्या गावाहून, मग त्याच्याही पुढून. मास्तर तिला टोपलीत घालून नेई, सोडी आणि सायकलवरून घामाघूम होऊन परत येई, तर ती आधीच येऊन माझ्यातले पाणी पीत असे. ज्या रस्त्याने ती कधी गेली नाही, जो मुलूख तिने टोपलीच्या फटीतूनही धड पाहिला नाही, तिथून ही मूठभर जिवाची पोर नेमकी याच गच्चीवर, याच फळीवर उतरत असे. मी ते इतक्या वेळा पाहिले, तरी दर वेळी माझ्या पाण्यावर शहारा उठे.

मास्तरच्या मनात एक गोष्ट होती. त्या मोसमातली सर्वांत लांब पल्ल्याची शर्यत. त्याच्या ढाबळीतला एकही पक्षी तेवढ्या लांबून कधी परतला नव्हता. “ही येईल,” तो ठिपकीला तळव्यावर धरून म्हणे. “हिच्या छातीत भाता आहे, भाता.”

त्याच सुमारास मास्तरचा वाढदिवस आला आणि अक्काने त्याला नवे भांडे आणून दिले. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे, आरशासारखे चकचकीत. तेही घुमटाचेच, पण हलके, पडले तरी न फुटणारे.

“किती दिवस ते मडकं घासत बसणार?” ती म्हणाली. “मोठ्या शर्यतीची कबुतरं तुझी. त्यांना शोभेल असं असावं काहीतरी.”

मास्तरचा चेहरा उजळला. मला ढाबळीच्या दाराशी पालथे ठेवले गेले. राग नाही आला मला. नवे आले की जुन्याने सरकायचेच. फक्त ‘बुडूक’ आवाज आता दुसऱ्याच्या पोटातून येऊ लागला, पत्र्याचा, जरा टणक. तो ऐकताना कसेसेच व्हायचे.

शर्यत जवळ आली तसा मास्तरने सराव वाढवला. सरावाबरोबर औषधपाणीही वाढवले. आठवड्यातून एकदा पडणारे व्हिनेगर आता एक दिवसाआड पडू लागले, आणि भांडे नवे कोरे, चकचकीत, म्हणून ते पाणी त्यात दोन-दोन दिवस राहू लागले. मातीला घासावे लागते, पत्र्याला काय घासायचे, असे त्याला वाटले.

मग एका सकाळी ठिपकीने धान्याकडे पाठ फिरवली. पिसे फुगवून ती खणात बसून राहिली. इतर पक्ष्यांची विष्ठाही हिरवट, पातळ होऊ लागली. सगळे जण सारखे पाण्याकडे जात. सर्वांत जास्त सराव ठिपकीचा, म्हणून सर्वांत जास्त तहान तिची, आणि सर्वांत जास्त पाणी तिनेच प्यायलेले. मास्तर घाबरला. घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केले: औषध कमी पडत असेल असे समजून व्हिनेगर आणखी ओतले.

मी दाराशी पालथे होते. नवे भांडे भरायला उघडले की त्याच्या आतली चमक पाण्याच्या रेषेपर्यंत विझत चाललेली मला दिसे. ठिपकी चालताना अडखळू लागली. उंच खणात चढायला तिने पंख पसरले आणि ती खाली पडली. मास्तर तिथेच जमिनीवर बसला. त्याच्या गळ्यातली टेप भुश्यात लोळत होती.

“डॉक्टरबाईंना आण,” अक्का म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

डॉक्टरबाई जनावरांच्या दवाखान्यातून बॅग घेऊन आल्या. त्यांनी ठिपकीची चोच उघडून घसा पाहिला, पोट चाचपले, विष्ठेचा ठिपका काचेवर घेऊन लहानशा सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळला.

“जंत नाहीत. घशातही काही नाही,” त्या म्हणाल्या. “मास्तर, खायला-प्यायला काय काय देता?”

मास्तरने भरभरून सांगितले. लसूण, मध, शिंपल्यांचा चुरा, व्हिनेगर. “सगळं नैसर्गिक आहे हो डॉक्टरबाई. गोळी म्हणून नाही दिली कधी.”

“आणि देता कशातून?”

“म्हणजे?”

“व्हिनेगरचं पाणी. कशातून देता?”

मास्तरने नव्या भांड्याकडे बोट दाखवले. डॉक्टरबाईंनी ते उघडले, पाणी ओतून टाकले आणि आतून बोट फिरवले. बोटाला पांढरट, खरखरीत काहीतरी लागले. त्यांनी ते मास्तरपुढे धरले.

आधी बोलली ती अक्का. “अगं बाई! आंबट पाणी, आणि पत्र्यात! स्वयंपाकघरात कुणी आंबट काही पत्र्याच्या डब्यात ठेवलं तर मी घर डोक्यावर घेते. आणि इथे भांडं मीच आणून दिलं.” तिने पदर तोंडाला लावला.

“तू भांडं आणलंस अक्का. व्हिनेगर मी ओतलं.”

“भांडंही वाईट नाही, व्हिनेगरही वाईट नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “या दोघांची गाठ घालायची नव्हती, एवढंच. आंबट पाण्यात जस्त विरघळतं. तुम्ही औषध वाढवत गेलात, तसं विषही वाढत गेलं. रक्त तपासायला पाठवते, पण मला फारशी शंका नाही.”

“वाचेल का?”

“वाचेल असं वाटतं.”

“आणि उडेल?”

डॉक्टरबाईंनी ठिपकीचा पंख हलकेच उघडला आणि मिटला. “ते तीच सांगेल.”

नवे भांडे गेले आणि मला उचलले गेले. मास्तरने मला घासले, पुन्हा घासले, दिवसभर उन्हात ठेवले. इतर पक्षी साध्या ताज्या पाण्यावर भराभर सावरले. ठिपकीला मात्र सुया टोचल्या गेल्या, अक्का मांडीवर घेऊन तिला नळीने पाणी पाजत राहिली. “पी गं बाई, पी. माझ्यावर राग धर हवा तर, पण पी.” लांब पल्ल्याची शर्यत आली आणि ठिपकीवाचून गेली. त्या दिवशी मास्तर वर आला, तिच्या खणासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि खाली जाऊन मशीन चालवू लागला.

डॉक्टरबाई पुन्हा तपासायला आल्या, तेव्हा मास्तरने कितीतरी दिवस मनात असलेले विचारले. “हिला घर सापडतं कसं हो?”

त्या हसल्या. “पक्कं कुणालाच सांगता येत नाही. सूर्य बघते, ओळखीच्या खुणा बघते, वासही घेत असावी. आणि पृथ्वी म्हणजे एक मोठं चुंबक. त्याचीही तिला जाणीव होत असावी. कशी, त्यावर लोक अजून डोकं फोडतायत.” मग त्यांनी मला हातात घेतले. “आणि गंमत बघा. या मातीत लोखंडाचे बारीक कण आहेत. भट्टीत लाल होऊन निवताना ते त्या वेळची पृथ्वीची उत्तर दिशा पकडून बसतात, ती कायमची.”

“म्हणजे आमच्या मडक्यालाही उत्तर दिशा ठाऊक आहे?” अक्काने डोळे मोठे केले.

“ठाऊक होती. तुम्ही रोज घासून त्याला भलतीकडे तोंड करून ठेवता.”

सगळे हसले. मी मात्र थक्क झाले होते. मी ज्या दिवशी भट्टीत निवले त्या दिवसाची पृथ्वी माझ्या अंगात जशीच्या तशी होती आणि मला पत्ता नव्हता! माझ्यातले पाणी पिणाऱ्या ठिपकीतही कदाचित तसलेच काहीतरी जागे असेल. माझी दिशा गोठलेली, तिची जिवंत. पण ती जिवंत उरली होती का? हेच कुणाला ठाऊक नव्हते.

ठिपकी गच्चीभोवती घिरट्या घालण्याइतकी सुधारली, तशी एका सकाळी मास्तरने तिला टोपलीत ठेवले आणि पुलापलीकडच्या खाणीकडे सायकल हाकली. इतके जवळचे अंतर, की पूर्वी ती त्याने पायडल मारायच्या आत घरी आली असती. अक्काने मला घासून भरले आणि माझ्याजवळ पाटावर बसली.

वर आकाश मोकळे होते. त्यात कावळे आले, गेले. मग जिन्यात पावले वाजली. मास्तर आला होता, घामाघूम.

“आली?”

अक्काने नकारार्थी मान हलवली.

“सरळ वर चढली, एक चक्कर मारली आणि भलत्याच बाजूला गेली,” तो म्हणाला. “माझंच चुकलं. घाई केली.”

“बस खाली. तिला तिचं करू दे.”

दोघे भाऊबहीण आकाशाकडे मान करून बसले. ऊन सरकले, माझी सावली आखूड झाली. खालून गिऱ्हाईक हाका मारून निघून गेले, पण कुणी उठले नाही.

मग छपरावर काहीतरी थडकले. ती ज्या बाजूने येईल असे वाटले होते, तिच्या नेमक्या उलट बाजूने ठिपकी आली होती. कुठून, किती फिरून, कोणत्या खुणा पुसून नव्या लावत, ते तिलाच माहीत. चोच उघडी होती, छाती धपापत होती. थोडा वेळ ती छपरावरच बसली. मास्तर हलला नाही. मग ती फळीवर उतरली, दारातून आत शिरली, धान्याची वाटी ओलांडून गेली आणि तिने माझ्यात चोच बुडवली.

ती ओढ! मित्रांनो, ती मी कशी सांगू? तळापासून पाणी उचलले गेले. भोक उघडे पडले आणि माझ्या पोटात मोठा बुडबुडा चढला.

बुडूक.

“प्यायली,” अक्का पुटपुटली. मास्तरने गळ्यातली टेप काढून तोंडावर धरली; डोळे पुसायला त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते.

ठिपकी लांब पल्ल्याला पुन्हा कधी गेली नाही. मास्तरनेच पाठवली नाही. आता ती म्हातारी झाली आहे, आणि माझ्या काठावर एक बारीक चीर गेली आहे. तिची पिल्ले माझ्यातले पाणी पितात, आणि व्हिनेगरचा दिवस आला की मास्तर आधी मला बोटाने आतून चाचपतो. मुक्या जिवाला औषध देण्याआधी तुम्हीही तसेच चाचपा. ते किती द्यायचे ते जाणत्याला विचारा, कशातून द्यायचे तेही विचारा, आणि गुण येत नसेल तर आणखी ओतू नका, थांबा. घासलेल्या भांड्यात ताजे पाणी भरा आणि जरा दूर जाऊन बसा. आकाश ओलांडून आलेला एक जीव तुम्ही भरलेल्या पाण्यात चोच बुडवेल, तेव्हा कान देऊन ऐका. तो बुडबुड्याचा आवाज फार लहान असतो.