निष्कर्षाला पुरावा नाही

शेजारी देशांमधील संबंध या विषयाच्या शेवटच्या वर्षाला तिने दोन देशांच्या सीमेवरच्या नदीवर प्रबंध लिहिला. इतिहास, कायदा आणि जलविज्ञान अशा तीन विभागांच्या परीक्षकांनी तिला नापास केले आणि तिघांनीही शेरा एकच दिला: ‘निष्कर्षाला पुरावा नाही.’ पुराव्याची पाने एकशे बारा होती.

वर्ष वाया जाणार होते. ती तडक इतिहासाच्या सरांच्या खोलीत गेली.

“पाण्याचे आकडे कुठं दिलेस तू?” सरांनी विचारले.

“तिसऱ्या प्रकरणात, सर.”

“माझ्याकडे एकच प्रकरण आलं. पहिलं. आणि शेवटचा निष्कर्ष.”

“मग बाकीचं मागवावंसं नाही वाटलं?”

“माझा विषय नाही तो,” सर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षा विभागात हेडक्लार्क शांतपणे कागदांना टाचण्या लावत बसले होते.

“काका, माझा प्रबंध उसवला कोणी?”

“मीच. तीन विषय, तीन परीक्षक. ज्याचं त्याला वाटून दिलं. बांधणी फार घट्ट होती हो तुमची, ताई.”

तिने तिथेच उभ्या उभ्या फेरतपासणीचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिले: ‘या दोन देशांत पाण्यावरून तंटा का होतो, हे तिन्ही प्रकरणे एकत्र वाचल्यावरच कळते. कार्यालयाने प्रबंध उसवून प्रत्येक परीक्षकाला निष्कर्षासोबत एकेकच प्रकरण पाठवले. संपूर्ण प्रबंध आजवर कोणीही वाचलेला नाही.’